शिक्षकाला बाजूला सारून इंग्रजी कसे शिकवणार? खान्देशातल्या शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि विश्वस्त,

सादर नमस्कार.

मार्चअखेरीस आपल्यापैकी एका संस्थेने आपल्या बी.एड. महाविद्यालयातले इंग्रजी शिक्षक केंद्र बंद करण्याचा ठराव केला. केंद्राची खोली डिजिटल स्टुडिओला दिली. केंद्राची तुटपुंजी तरतूद बाहेरच्या एका कंपनीच्या रेकॉर्ड केलेल्या पाठांकडे वळवली. यापुढे शिक्षकांसाठी वर्षातून एकदा दोन दिवसांची कार्यशाळा होईल, असे एका पानाच्या परिपत्रकाने कळवले. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. असाच विचार आणखी एक-दोन ठिकाणी चालू आहे असे शिक्षकांच्या तोंडून ऐकते, म्हणून पत्र सगळ्यांनाच लिहिते आहे. जाहीर लिहिते आहे, कारण ज्यांची लेकरे या शाळांत शिकतात त्या आईबापांनाही काय बंद होते आहे ते समजले पाहिजे.

मी साक्री तालुक्यातली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली. पुढे इंग्रजी घेऊन एम.ए. केले, हैदराबादच्या सीफेल या इंग्रजी आणि परकीय भाषांच्या केंद्रीय संस्थेत इंग्रजी अध्यापनाची पदविका घेतली, इकडच्याच एका महाविद्यालयात शिकवले आणि मग काही वर्षे इथिओपियातल्या विद्यापीठांत इंग्रजी शिकवायला आणि तिथल्या तरुण प्राध्यापकांना शिकवण्याचे प्रशिक्षण द्यायला गेले. परत आल्यावर दर शनिवारी या केंद्रात येत राहिले. मानधन कधी घेतले नाही आणि आजही मागत नाही. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच: बाहेरून आलेला तज्ज्ञ कधी ना कधी परत जातो. तो गेल्यावर वर्ग सांभाळणारा स्थानिक शिक्षक जर तयार झाला नसेल, तर झालेला सगळा खर्च वाया गेला. हे मी परदेशात स्वतः 'बाहेरची' असताना शिकले, आणि आपल्याच मुलखात आज उलटा कारभार होताना पाहते आहे.

तिकडचे थोडे सविस्तर सांगू द्या, कारण माझे म्हणणे त्यावरच उभे आहे.

इथिओपियाला भारतीय शिक्षक नवे नाहीत. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून आपले लोक तिकडच्या शाळांत गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवत आले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या देशात अदिस अबाबा आणि आलेमाया अशी दोनच विद्यापीठे होती. आज सरकारी विद्यापीठेच चाळीसच्या वर आहेत. एवढ्या विद्यापीठांना शिकवणारे आणायचे कुठून? म्हणून भारतातून माणसे मोठ्या संख्येने घेतली गेली. पण तिथल्या शिक्षण मंत्रालयाने त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट केली, आणि ती मला फार मोलाची वाटते. प्राध्यापकांसाठी नोकरी सांभाळून करायचा वर्षभराचा अध्यापन पदविका कार्यक्रम सुरू केला. तिकडे त्याला एचडीपी म्हणतात. भौतिकशास्त्राचा असो की शेतीचा, प्राध्यापकाने त्या गटात बसायचे, आपल्या शिकवण्यावर टिपणे ठेवायची, एकमेकांचे तास पाहायचे, शाळेत जाऊन काही काळ घालवायचा, आणि आपल्याच वर्गातला एक प्रश्न घेऊन त्यावर छोटे संशोधन करायचे. शिवाय विद्यापीठांत इंग्रजी सुधार केंद्रे उघडली. सुरुवातीला हे कार्यक्रम चालवायला परदेशी स्वयंसेवक आणि आमच्यासारखे लोक होते. उद्देश मात्र पहिल्यापासून उघड होता: हे काम इथल्या माणसांच्या हाती द्यायचे.

ताना सरोवराकाठच्या शहरात माझ्याबरोबर एक तरुण प्राध्यापक होता. बुद्धीने तल्लख, व्याकरण तोंडपाठ, पण तास म्हणजे फळाभर लिहिणे आणि साठ-सत्तर मुलांनी ते उतरवून घेणे. सुरुवातीला मी शिकवायचे आणि तो मागच्या बाकावर बसायचा. मग तास दोघांनी वाटून घ्यायचा. नंतर तो शिकवायचा आणि मी मागे बसायचे. माझ्या वहीत मी त्याच्याविषयी काहीच लिहीत नसे. फक्त वर्गाचा नकाशा काढायचा, आणि जो विद्यार्थी इंग्रजीत एक तरी पूर्ण वाक्य बोलेल त्याच्या जागी रेघ मारायची. तास संपला की आधी तो बोलणार, मी ऐकणार, हा आमचा नियम होता. पहिल्या नकाशात सगळ्या रेघा पुढच्या दोन बाकांवर होत्या, आणि मुलींच्या बाजूला एकही नव्हती. त्याने तो कागद बराच वेळ हातात धरला. पुढच्या आठवड्यात त्याने बाके चौघाचौघांच्या गटात फिरवून घेतली, प्रत्येक गटाला वेगळा प्रश्न दिला, आणि उत्तर सांगायला गटातल्या सर्वांत गप्प मुलाला उभे राहायला सांगितले. मी त्याला असे कर म्हणून सांगितले नव्हते. वर्ष सरेपर्यंत तो स्वतःच नव्या प्राध्यापकांच्या मागे वही घेऊन बसू लागला, आणि त्याच्या गटात चर्चा अम्हारिकमध्ये चाले. मला निम्मीअधिक कळत नसे. तेव्हा मला खात्री पटली की माझे काम नीट झाले आहे.

असे काम व्हायला वेळ लागतो. आठवड्यामागून आठवडे तीच दोन माणसे तोच वर्ग पाहतात, तेव्हा कुठे शिकवण्यात फरक पडतो. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला विचारा, केळीला ठिबकने रोज पाणी देतात, की वर्षातून दोन दिवस टँकर ओततात?

आता आपल्या ठरावाकडे येते.

पहिली तक्रार, ठरावाआधी केंद्रात येणाऱ्या एकाही शिक्षकाला विचारले नाही. त्या खोलीत काय चालत होते हे पाहायलाही कोणी आले नव्हते. आले असते तर दिसले असते की सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांतले शिक्षक शनिवारी शाळा सुटल्यावर दोन-दोन एसट्या बदलून येत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्दकार्डे करत. जळगाव जिल्ह्यात त्या पत्रिका जाड आणि चकचकीत असतात, कार्डे वर्ष-वर्ष टिकतात. एकजण सोमवारी घ्यायचा तास आमच्यासमोर करून दाखवी, बाकीचे विद्यार्थी होत, मग त्यावर बोलणे होई. पुढच्या शनिवारी तो वर्गात काय घडले ते सांगे. एवढेच केंद्र होते. त्याला ना स्टुडिओ लागत होता ना पॅकेज.

दुसरी तक्रार पडद्याबद्दल आहे, आणि इथे मी आपल्याला कळकळीने सांगते की हा प्रयोग दुसऱ्या एका देशाने आपल्या आधी करून पाहिला आहे. २००४ च्या सुमारास इथिओपियाने माध्यमिक शाळांच्या वर्गावर्गांत मोठे प्लाझ्मा टीव्ही बसवले. दक्षिण आफ्रिकेत तयार करून घेतलेले पाठ उपग्रहावरून देशभर एकाच वेळी दाखवले जात. हेतू चांगला होता. शिक्षक कमी, त्यांचे इंग्रजी कच्चे, मग उत्तम पाठ थेट मुलांपर्यंत का पोचवू नयेत? पण तासाचा बहुतेक वेळ पडद्याचा आणि शिक्षकाच्या वाट्याला आधीची नि नंतरची काही मिनिटे. पडद्यावरचा माणूस प्रश्न विचारी, थोडे थांबे, आणि वर्गाला उत्तर आले असो वा नसो, पुढे जाई. मुलाला कळले नाही तर तो पडदा थांबवू शकत नव्हता आणि शिक्षकही नाही. वीज गेली की पाठही गेला, आणि तो परत येत नसे. त्या वर्गांतून आलेली मुले माझ्यासमोर प्रथम वर्षाला बसत. इंग्रजी त्यांनी ऐकले होते पुष्कळ, पण बोलून पाहिले नव्हते. त्यांच्या शिक्षकांशी बोलताना जाणवे की आपल्याच वर्गात आपण पाहुणे झालो याचे दुःख त्यांना अधिक होते. आपले रेकॉर्ड केलेले पाठ थांबवता येतात, हे मला मान्य आहे. पण ते कुठे थांबवायचे, कोणाला काय विचारायचे, हे ठरवणारा शिक्षक घडवण्याची जागाच आपण बंद केली. वाईट मला स्टुडिओचे वाटत नाही. तो केंद्राच्या बोकांडी बसवला याचे वाटते.

तिसरी गोष्ट थोडक्यात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि आता तर गावोगावी सेमी-इंग्रजीच्या तुकड्या आहेत. विषय वाढला त्या प्रमाणात शिक्षकाची तयारी वाढली नाही. मोठी प्रशिक्षणे होतात ती वरून खाली झिरपणारी: राज्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला, तिथून केंद्रशाळेला. प्रत्येक पायरीवर थोडे सांडते, आणि धडगावच्या शिक्षकाच्या पदरी पडते ते सहीचे पत्रक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवते. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते किती भरतील, हे आपणच सांगावे.

चौथी तक्रार सगळ्यांत जिव्हारी लागणारी आहे. परिपत्रकात लिहिले आहे की कार्यशाळेचा लाभ 'फक्त पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकांना' मिळेल. आपल्या संस्थांत आज इंग्रजी शिकवते कोण? पुष्कळ ठिकाणी तासिका तत्त्वावरची मुलेमुली शिकवतात. त्यांना तासाचे पैसे, तेही महिनोन्महिने उशिरा. सुट्टीत काहीच नाही. दिवाळीनंतर आपण असू की नसू याची खात्री नाही. आणि तरीही शनिवारी केंद्रात सर्वांत आधी येऊन बसणारी तीच होती. त्यांच्यातल्याच एका मुलीचा तास मला आपल्याला दाखवायचा होता. साध्या आणि चालू वर्तमानकाळातला फरक सातवीच्या मुलांना काही केल्या कळेना. व्याख्या पाठ होत्या, वाक्ये चुकत होती. तिने व्याख्या बाजूला ठेवली आणि दारातून बाहेर बोट दाखवून विचारले, "ती पोर रोज काय करस?" मुले म्हणाली, "शाळामा जास." मग तिने एका मुलीला खरोखर दाराकडे चालायला लावले आणि विचारले, "आते काय करी राहिनी?" सगळा वर्ग ओरडला, "जाई राहिनी!" अहिराणीत हा फरक मुलांच्या जिभेवर आधीच होता. फळ्यावर तिने समोरासमोर दोन इंग्रजी वाक्ये लिहिली, शी गोज, शी इज गोइंग, आणि पुढची वाक्ये मुलांनीच केली. बाहेरगावच्या कंपनीच्या कुठल्या पाठात हे सापडणार आहे? ते त्या मुलीलाच सुचू शकते, कारण ती त्या मुलांची भाषा बोलते. आणि आपण नेमके तिलाच कार्यशाळेच्या बाहेर ठेवले.

यालाच लागून एक. आपल्या काही शाळांच्या भिंतींवर 'येथे फक्त इंग्रजीतच बोला' अशा पाट्या आहेत, आणि अहिराणी बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेतल्याचेही पालक सांगतात. हे थांबवा. इथिओपियाने १९९४ च्या शिक्षण धोरणात प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याचे ठरवले. ओरोमो मुलगा ओरोमोत शिकतो, तिग्रिन्या बोलणारा तिग्रिन्यात, आणि इंग्रजी विषय म्हणून पहिलीपासून सोबत असते. तिथे अडचणी पुष्कळ आहेत, माध्यमिकला इंग्रजी माध्यमात जाताना मुलांची दमछाक होते, हे मी रोज पाहिले आहे. पण घरच्या भाषेची लाज वाटायला लावून इंग्रजी येते असे मी कुठेच पाहिले नाही. आपल्याकडे तर एकाच वर्गात अहिराणी, पावरी, भिली, गुजरी आणि लेवा बोली बोलणारी मुले असतात. शिक्षकाला यातले काय येते हे प्रशिक्षणात धरलेच जात नाही.

पुण्या-मुंबईचे ते चांगले आणि आपले ते जेमतेम, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे असे मला वाटते. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांत, तिथल्याच शिक्षकांना घेऊन, व्याकरणाऐवजी कामातून इंग्रजी शिकवण्याचा प्रकल्प चालवला. जगभरच्या विद्यापीठांत तो आज अभ्यासला जातो. इथिओपियात माझे सहकारी मला त्याबद्दल विचारायचे. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले. खान्देशच्या शाळेने केवढी माणसे घडवली आणि केवढ्या माणसांना घडू दिले, हे आपण भाषणांत दरवर्षी सांगतो. मग आज आपल्याच तरुण शिक्षकावर एवढा अविश्वास का?

एक स्वतःबद्दल सांगते आणि पुढे जाते. मला परदेशातून बोलावणे आले तेव्हा मी बिनपगारी रजा मागितली होती, धारणाधिकार ठेवून, म्हणजे परतल्यावर आपल्या पदावर पुन्हा रुजू होता यावे. ती मिळाली नाही. नोकरी सोडून जावे लागले आणि परतल्यावर तो अनुभव कुठल्याच कागदावर धरला गेला नाही. माझे जे झाले ते झाले. पण आजही इकडची इंग्रजीची मुलेमुली आफ्रिकेत, आखातात, मालदीवला शिकवायला जातात, आणि परत येऊन खासगी क्लास काढतात किंवा येतच नाहीत. परदेशातल्या विद्यापीठाने ज्यांच्यावर प्राध्यापक तयार करण्याची जबाबदारी टाकली, त्यांच्यासाठी इथे एक खुर्चीही नसते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

इंग्रजी शिक्षक केंद्र शाळा उघडण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याच खोलीत किंवा तेवढ्याच मोठ्या दुसऱ्या खोलीत पुन्हा सुरू करावे. खोली तळमजल्यावर असली आणि फळा असला तरी पुरे.

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना प्रत्येक प्रशिक्षणात स्थान द्यावे, आणि प्रशिक्षणाचे तास त्यांच्या मानधनात धरावेत. परिपत्रकातले 'फक्त' काढून टाकावे.

बाहेरच्या पॅकेजवर जेवढा खर्च होईल, किमान तेवढाच स्थानिक मार्गदर्शक शिक्षक तयार करण्यावर व्हावा. दोन्ही आकडे वार्षिक अहवालात शेजारी-शेजारी छापावेत. बाहेरच्या कोणत्याही तज्ज्ञाशी करार करताना, त्याने मुदतीत इथले किती शिक्षक मार्गदर्शक म्हणून तयार करायचे हे करारात लिहावे. मी परदेशात होते तेव्हा माझ्याकडून हीच अपेक्षा होती आणि ती रास्त होती.

प्रत्येक शाळेतल्या एका अनुभवी इंग्रजी शिक्षकाच्या आठवड्यातल्या दोन तासिका कमी करून त्या वेळात त्याला सहकाऱ्यांचे तास पाहू द्यावेत. हे निरीक्षण मदतीसाठी आहे. त्याचा गोपनीय अहवालाशी, वेतनवाढीशी संबंध जोडू नये. जोडला की शिक्षक मोकळेपणाने शिकवणार नाही आणि निरीक्षण पहिल्या महिन्यात बंद पडेल.

'फक्त इंग्रजी' च्या पाट्या उतरवाव्यात आणि मुलांकडून कुठलाही दंड घेऊ नये. घरच्या भाषेचा आधार कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा, हा केंद्रातल्या प्रशिक्षणाचा विषय करावा.

परदेशी विद्यापीठात शिकवायला जाणाऱ्या शिक्षकाला धारणाधिकारासह रजा द्यावी, आणि बदल्यात परत आल्यावर ठरावीक काळ केंद्रात काम करण्याची अट घालावी. ही अट कोणी नाकारेल असे मला वाटत नाही.

संस्था चालवणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. अनुदान वेळेवर येत नाही, पदे मंजूर होत नाहीत, पालकांना पडदा दिसला की शाळा पुढारलेली वाटते. यातल्या ज्या अडचणी सरकारदरबारी आहेत तिथे आम्ही आपल्या बरोबर उभे राहू, निवेदनांवर सह्या करू, मोर्चात येऊ. केंद्र बंद करण्याचा निर्णय मात्र सरकारचा नव्हता. तो आपला होता आणि आपण तो मागे घेऊ शकता.

आपले उत्तर लेखी आणि जाहीर असावे, म्हणजे शिक्षकांना आणि पालकांना ते वाचता येईल. चर्चेला बोलावलेत तर मी येईन, केंद्रातले शिक्षकही येतील. 'आते काय करी राहिनी?' विचारणारी ती तरुण शिक्षिका यायला तयार आहे, हवे तर तो तास ती आपल्यासमोर घेईल. बैठक शनिवारी दुपारी तीननंतर ठेवावी, म्हणजे शहादा-तळोद्याकडच्या शिक्षकांना शाळा करून एसटीने पोचता येईल.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी प्राध्यापिका,
धुळे